कोइंबतूरच्या ट्रॅकवर पहिल्यांदा केमन नेताना पाच लाख कुठे घालायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१४ ची सेकंड हँड पोर्शे केमन एस, ९८१ पिढीतली, पीडीके म्हणजे पोर्शेच्या ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. मीटरवर २२ हजार किलोमीटर. दोन महिन्यांनी कोइंबतूरला ट्रॅक डे आहे, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस, पुण्याहून गाडी चालवतच न्यायची आहे आणि हाताशी पाच लाख रुपये आहेत. यादीत एक्झॉस्ट, ईसीयू रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), लोअरिंग स्प्रिंग (गाडी बुटकी करणाऱ्या) आणि २० इंची चाकं आहेत. यातलं आधी काय करायचं आणि ट्रॅकवर नेल्यानं गाडीची वाट लागेल का, हे तुम्ही विचारलंय.

मी सोळा वर्षं पुण्यात लोकांच्या गाड्या ट्रॅकसाठी तयार करतोय. वर्षातून चार-पाच वेळा त्यांच्यासोबत कोइंबतूर-चेन्नईला जातो आणि नवख्या चालकांच्या शेजारच्या सीटवर बसतो. तुमच्या यादीतल्या चारही गोष्टी पहिल्या वर्षी करू नका. गाडीत कारखान्यातूनच ३२५ पीएसची (हॉर्सपॉवरसारखंच माप) ताकद आहे, आणि करी मोटर स्पीडवेसारख्या सुमारे २.१ किलोमीटरच्या कोइंबतूरच्या ट्रॅकवर ती पहिल्यांदा जाणाऱ्याला पुरून उरते. तुमची अडचण वेगळीच आहे. ही गाडी आजवर कधी वीस मिनिटं सलग तापलेली नाही. दहा-बारा वर्षांत २२ हजार किलोमीटर म्हणजे ती बहुतेक काळ उभीच होती. उभ्या गाडीचं रबर वाळतं, ऑईल जुनं होतं, रेडिएटरसमोर कचरा साठतो. रस्त्यावर यातलं काहीच जाणवत नाही, ट्रॅकवर पहिल्या तासाभरात सगळं वर येतं.

उष्णता म्हणजे नेमकी किती, ते एकदा आकड्यांत बघू. गाडी, दोन माणसं आणि थोडं पेट्रोल मिळून १४५० किलो धरा. १८० च्या वेगावरून ८० वर यायला जोरात ब्रेक मारला तर तीनेक सेकंद लागतात. तेवढ्यात ब्रेकमध्ये जी ऊर्जा जिरते तिच्यात साडेचार लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. घरच्या गॅसवर त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सिंहगड रोडच्या सिग्नलला ६० वरून शून्यावर आलात तर याचा जेमतेम सातवा हिस्सा, आणि मग पुढच्या सिग्नलपर्यंत डिस्क निवांत गार होतात. ट्रॅकवर एका सेशनमध्ये, म्हणजे सलग पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीत, असं ब्रेकिंग तीस-चाळीस वेळा होतं आणि मधे गार व्हायला काही सेकंदच मिळतात.

म्हणून पहिला खर्च ब्रेक ऑईलचा. पाच लाखांतला हा सगळ्यात छोटा खर्च आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या नेहमीच्या दर्जाच्या मानकाप्रमाणे नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात ऑईल तिकडे लवकर सरकतं. ऑईल कॅलिपरमध्ये (चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑईल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि तुमच्या पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच संपतो.

हे मी स्वतः भोगलंय. २०११ मध्ये चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर माझ्या स्वतःच्या गाडीत ब्रेक ऑईल बदलून दोन पावसाळे झाले होते. चौथ्या-पाचव्या लॅपला सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकवर पाय दिला आणि अंधारात नसलेल्या पायरीवर पाऊल पडावं तसं पेडल खाली गेलं. दोनदा पंपिंग केल्यावर थोडा दाब आला, तोवर वळण निघून गेलं होतं. गाडी गवतात जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही, गाडीही वाचली. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात ती जागा) येऊन कॅलिपरचा हवा काढायचा निपल उघडला तर नळीतून चहाच्या रंगाचं ऑईल फेसाळत बाहेर आलं. त्या दिवसापासून माझ्या हाताखालची कुठलीही गाडी ताज्या ब्रेक ऑईलशिवाय ट्रॅकवर गेलेली नाही.

तुम्ही मोटुल आरबीएफ ६०० किंवा कॅस्ट्रॉल एसआरएफ घाला. दोन्ही नवी असताना ३०० अंशांच्या पुढे टिकतात. एसआरएफ महाग आहे, पण ओलावा धरल्यावरही ते २७० अंशांच्या आसपास तग धरतं, त्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा जाणाऱ्याला ते परवडतं. तुम्ही एकदाच जाणार असाल तर आरबीएफ पुरेल, फक्त ते जायच्या आठवडाभर आधी भरा. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा नीट काढून घ्या आणि मेस्त्रीजवळ उभं राहा. नळीतून स्वच्छ, नव्या रंगाचं ऑईल येईपर्यंत थांबू देऊ नका.

मग पॅड. रस्त्याचे पॅड गार असतानाही लगेच पकडतात, आवाज करत नाहीत, पण ठरावीक तापमानापुढे त्यांची पकड गळते. ट्रॅकचे पॅड याच्या उलट: सकाळी पहिल्या चौकात किंचाळतात, काळी पूड उडवतात, पण तापल्यावर खरे कामाला येतात. तुम्हाला याच गाडीनं हजार-बाराशे किलोमीटर जायचंय आणि तितकंच परत यायचंय, म्हणून निव्वळ रेसिंगचे पॅड मी सुचवणार नाही. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीवर चालणारे मधल्या जातीचे पॅड घ्या आणि सांगितलेल्या पद्धतीनं डिस्कवर बसवून घ्या. बसवणं म्हणजे मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा जोरात ब्रेक, पण गाडी पूर्ण न थांबवता, आणि नंतर दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता गार होऊ देणं. पॅडची जाडी निम्म्यावर आली की ट्रॅकसाठी तो संपला समजा, कारण पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनला आणि ऑईलला पोचते.

ट्रॅकवर ब्रेकबद्दल दोन तक्रारी येतात आणि लोक त्या एकच समजतात. पेडल घट्ट आहे, पाय पूर्ण जोरात आहे, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड हरले. पेडल मऊ होत खाली जातंय, तर ऑईल उकळलंय. पहिल्यात वेग कमी करून एक-दोन लॅप गार केलं की निभावतं. दुसऱ्यात लगेच हात वर करून हळू पिटमध्ये यायचं आणि ब्रेकची हवा काढल्याशिवाय पुन्हा जायचं नाही.

तुमच्या डिस्कला भोकं आहेत. त्यांच्या कडेनं केसासारख्या बारीक रेघा पडतात, तेवढ्यानं घाबरू नका. डिस्क गार असताना नख फिरवा. रेघेत नख अडकलं, किंवा रेघ एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत किंवा डिस्कच्या कडेपर्यंत पोचली असेल, तर ती डिस्क तिथेच काढून टाका. आणखी एक स्वस्त सुधारणा आहे. पोर्शेच्याच ९११ जीटी३ मध्ये सस्पेन्शनच्या खालच्या आर्मवर हवा ब्रेककडे वळवणारी प्लास्टिकची मोठी पट्टी असते, ती थोड्या खटपटीनं ९८१ ला बसते. गाडी वर घेतली आहे तोवर तेही करून घ्या.

आता टायर. आधी टायरच्या बाजूवर डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. ३११५ असेल तर तो टायर २०१५ च्या एकतिसाव्या आठवड्यातला. इतक्या कमी चाललेल्या गाडीवर मूळचेच टायर असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांची नक्षी छान खोल दिसते आणि मालक सांगतो की टायर नव्यासारखे आहेत, पण रबर कडक झालेलं असतं. सहा वर्षांपेक्षा जुना टायर मी ट्रॅकवर सोडत नाही, नक्षी कितीही असो. मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४ एस किंवा त्या दर्जाचा रस्त्यावरचा चांगला टायर पहिल्या वर्षी भरपूर आहे. मिशलिनच्याच कप २ सारखे जास्त पकडीचे, ट्रॅकसाठीचे टायर नंतर. कमी पकडीचा टायर सुटण्याआधी ओरडून सांगतो, नवशिक्याला त्या ओरडण्यातून शिकायला मिळतं. जास्त पकडीचा टायर उशिरापर्यंत गप्प राहतो आणि मग एकदम सोडतो, तेव्हा वेगही जास्त असतो. शिवाय परतीच्या वाटेवर पाऊस लागला तर कप २ वर हायवेनं येणं मला स्वतःलाही आवडत नाही.

हवेचं गणित असं की ट्रॅकवर दाब सहा-आठ पीएसआयनं वाढतो. म्हणून गार असताना हवा कमी ठेवायची आणि सेशन संपवून पिटमध्ये आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजायची. किती ठेवायची हे गाडी, टायर आणि त्या दिवशीचं ऊन ठरवतं. त्यासाठी खडू घ्या आणि टायरच्या खांद्यावरून (नक्षी संपून बाजू सुरू होते ती कड) बाजूवर उतरणाऱ्या तीन रेघा मारा. सेशननंतर बघा: रेघ बाजूवरूनही पुसली गेली असेल तर टायर वाकून कडेवर चालतोय, हवा वाढवा. खांद्यापर्यंतसुद्धा पुसली नसेल तर हवा जास्त आहे. परत निघताना हवा पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर आणायला मात्र विसरू नका. गडबडीत हे राहून जातं.

टायरची बाहेरची कड आधी झिजणं हे ९८१ चं ठरलेलं दुखणं आहे. कारखान्याच्या जोडणीत पुढच्या चाकांना जेमतेम एक अंशाचा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकणं, मिळतो. वळणात गाडी कलली की चाक बाहेरच्या कडेवर उभं राहतं, गाडी नाकानं बाहेर सरकते आणि दोन ट्रॅक डेमध्ये महागडा टायर कडेनं गुळगुळीत होतो. यावर उपाय म्हणजे जीटी३ पद्धतीचे दोन तुकड्यांचे खालचे आर्म, ज्यांच्यामध्ये शिम म्हणजे पातळ चकत्या घालून दोन-अडीच अंशांपर्यंत जाता येतं. पहिल्या वेळी हेही नको. आत्ता फक्त चांगल्या मशीनवर अलाइनमेंट करून घ्या, पुढे जितका कॅम्बर मिळतो तितका घ्या आणि दोन्ही बाजूंना सारखा ठेवा. तीन-चार ट्रॅक डे झाल्यावर हा छंद टिकणार असं वाटलं तर आर्म बसवा. टायरच्या बचतीतून त्यांचा बराच खर्च निघतो.

आता एक काम जे तुमच्या यादीत नाही आणि बहुतेक कुणाच्याच नसतं: पुढचा बंपर काढणं. या गाडीचे रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत, उघड्या जाळ्यांच्या मागे आहेत. गेल्या वर्षी माझ्याकडे एक बॉक्सस्टर (केमनचीच उघड्या छताची बहीण) आली, ट्रॅकवर कूलंटचा काटा चढतो म्हणून. बंपर काढला तर एसीच्या कंडेन्सरसमोर वाळलेल्या पानांचा वीतभर थर, त्यात गुलमोहराच्या शेंगेचे तुकडे आणि चुरगळलेली वेफर्सची पिशवी. रेडिएटरच्या खालच्या बारीक पत्र्या ओलाव्यानं इतक्या कुजल्या होत्या की बोट लावताच भुगा झाला. रेडिएटर बदलावे लागले. तुमची गाडी बाहेर झाडाखाली उभी राहिलेली असेल तर हे काम लांबवू नका. सफाई हलक्या हातानं, ब्रश आणि कमी दाबाच्या हवेनं करायची. प्रेशर वॉशरनं पत्र्या वाकतात. बंपर काढल्यावर मधे तिसरा रेडिएटर आहे का तेही बघा. काही ९८१ मध्ये तो असतो, काहींत नसतो. नसेल तर कोइंबतूरच्या उन्हात तुमची सेशन पंधरा मिनिटांची ठेवा.

इंजिन ऑईल आणि फिल्टर जाण्याआधी नवे, मग मीटर काहीही म्हणो. या गाडीला ऑईलची काठी नाही, पातळी स्क्रीनवरच दिसते, आणि ती बरोबर दिसायला गाडी सपाट जागी आणि गरम असावी लागते. पिटमध्ये उतारावर उभ्या गाडीत पातळी कमी दिसली म्हणून ऑईल ओतणारे मी पाहिलेत. जास्तीचं ऑईल हवा-तेल वेगळं करणाऱ्या भांड्यातून इंजिनात शिरतं आणि मागून निळसर धूर सुटतो. ऑईलचं तापमान स्क्रीनवर ठेवा. १२० च्या आसपास असेल तर चालू द्या. १३० दिसलं की मी शिकाऊ चालकाला गार करायच्या लॅपवर घेतो. पीडीकेचं ऑईल आजवर बदललेलं नसेल तर वयाचा विचार करून तेही बदला.

तुमच्या यादीबद्दल नाराज होऊ नका, प्रत्येकाचं कारण सांगतो. तुमचं इंजिन टर्बोचं नाही, त्यामुळे रिमॅपमधून मिळणारी वाढ लॅपच्या वेळात दिसणारसुद्धा नाही. त्यात इग्निशन पुढे ओढलेलं असलं आणि वाटेत चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं नाही तर नॉकिंगची, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी पेटून इंजिनाला दणके बसण्याची, जोखीम तुमची. एक्झॉस्टनं आवाज मिळतो, आणि तो मलाही आवडतो. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगते बदल करू देत नाही, आणि आवाजासाठी रस्त्यावर अडवलं जाणारी पहिली गाडी तुमचीच असेल. लोअरिंग स्प्रिंगनं या स्ट्रट पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये खालचे आर्म वर झुकतात आणि रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातो. गाडी बुटकी दिसते, वळणात मात्र हवी तशी वागत नाही. वर कोल्हापूर ते बेंगळुरू दरम्यानचे गावाजवळचे गतिरोधक आहेतच. २० इंची चाकं जड, टायरची भिंत पातळ, खड्ड्यात रिम वाकण्याची भीती जास्त आणि टायर महाग. कुणाकडे १८ इंची मूळ चाकांचा जुना सेट मिळाला तर तो घ्या. कॅलिपरला अडत नाही ना हे लावून बघा, आणि तोच ट्रॅकचा सेट करा.

मी सांगितलेलं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही लिहून ठेवतो. तुम्ही ग्रेटर नोएडाच्या बुद्ध ट्रॅकवर जाणार असता, जिथे एकच सरळ पट्टा किलोमीटरभराहून लांब आहे, तर मी ब्रेकबद्दल आणखी कडक झालो असतो. गाडी फ्लॅटबेड ट्रकवर लादून जाणार असती तर पॅड आणि कॅम्बर दोन्हींत जास्त धिटाई करता आली असती. आधीच्या मालकानं टायर-ब्रेक नवे करून ठेवले असतील तर तुमचे निम्मे पैसे वाचतील. नाहीतर पाच लाखांतला मोठा वाटा टायर, पॅड आणि डिस्क खातील, बाकीचा सर्व्हिसिंगवर जाईल. जे उरेल त्यातून दोन दिवस अनुभवी प्रशिक्षक शेजारी बसवा. नवा माणूस लॅपमागे जे सेकंद गमावतो ते चुकीच्या जागी ब्रेक लावून आणि नजर गाडीच्या नाकावर ठेवून. प्रशिक्षक दोन सेशनमध्ये ते सुधारतो.

विम्याची पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' हा भाग वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी यासाठीचा वापर त्यात वगळलेला असतो. ट्रॅकवर झालेलं नुकसान खिशातून भरायची तयारी असेल तेवढ्याच वेगानं चालवा. हेल्मेट कोणतं चालेल हे आयोजकांना विचारा. नवं घ्यायचं असेल तर स्नेलच्या एसए खुणेचं घ्या, ते मोटारींसाठी असतं, त्याचं अस्तर लवकर पेट घेत नाही. मूळ सीटवर चार टोकांचे पट्टे लावू नका. कारखान्याचा तीन टोकांचा पट्टा आणि एअरबॅग एकमेकांना धरून बनवलेल्या आहेत.

ट्रॅकच्या दिवशी गाडी पूर्ण रिकामी करा. सीटखालची पाण्याची बाटली ब्रेक पेडलखाली घरंगळलेली मी पाहिली आहे. प्रत्येक सेशनचा शेवटचा लॅप हळू, शक्य तितका ब्रेक न लावता. पिटमध्ये थांबल्यावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, नाहीतर तापलेला पॅड डिस्कला एका जागी चिकटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं. हँडब्रेकही लावायचा नाही. पीडीके पार्कमध्ये टाका आणि चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवा.

संध्याकाळी शेवटच्या सेशनला जायचं की नाही ते तेव्हाच्या थकव्यावर ठरवा. मी माझ्या लोकांना बहुधा थांबवतो, कारण दुसऱ्या दिवशी पुण्यापर्यंत चालवायचं असतं. त्या रात्री गाडी गार होऊ द्या. सकाळी निघण्याआधी चाकांचे बोल्ट टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्यावर तपासा, टायरची आतली बाजू टॉर्चनं बघा, पॅडची जाडी मोजा, आणि डिस्कजवळच्या बॉल जॉइंटचं रबरी टोपण उष्णतेनं वितळलं नाही ना, ते हात घालून चाचपा. बोल्ट एक-दोन फिरले तर काळजी करू नका, फिरतात. चारही चाकांचे फिरले तर निघू नका, आधी चाकं काढून बसवण्याच्या जागा पुसून पुन्हा लावा.